कापसाच्या सौद्याचे नियम नेमके लिहितं कोण? न्यूयॉर्क, लिव्हरपूल की दिल्ली?

चोपड्याचा_जिनर

नमस्कार मंडळी. आमचं चोपडा तालुक्यात छोटं जिनिंग-प्रेसिंग आहे, वडिलांनी सुरू केलेलं, आता मी बघतो. आजवर आम्ही गाठी इथल्याच सूतगिरण्यांना नाहीतर मुंबईच्या निर्यातदारांना विकल्या, म्हणजे दलालाचा फोन यायचा, खंडीचा (साधारण ३५६ किलो रुईचा) भाव ठरायचा, ट्रक भरायचा, विषय संपला. यंदा पहिल्यांदाच एका दलालामार्फत बांगलादेशच्या गिरणीशी थेट ५०० गाठींचं बोलणं चाललंय. कराराचा मसुदा आलाय आणि तो वाचून दोन रात्री झोप नीट लागली नाहीये.

एक तर भाव रुपयात नाही, खंडीत नाही, 'न्यूयॉर्क मार्च वायदा अधिक ५०० पॉइंट, बायर्स कॉल' असं लिहिलंय. दुसरं म्हणजे खाली एक ओळ आहे की हा करार लिव्हरपूलच्या इंटरनॅशनल कॉटन असोसिएशनच्या नियमांप्रमाणे आणि वाद झाला तर लवाद तिथल्याच पद्धतीने, इंग्लंडचा कायदा लागू. माल खान्देशातला, घेणारा ढाक्याचा, आणि वाद सोडवणार लिव्हरपूल? हे नियम कुणी केले, कुठल्या सरकारने केले, आपल्याला कुणी विचारलं होतं का? दलाल म्हणतो सगळे असंच करतात, सही करून टाका.

वडील फार सावध आहेत. त्याचं कारण आहे. मार्च २०१२ मध्ये दिल्लीने एका दिवसात कापूस निर्यात बंद केली तेव्हा ज्या व्यापाऱ्याने आमच्या गाठी घेतल्या होत्या त्याने उचलच केली नाही, शेडमध्ये माल पडून, बँकेचं व्याज चालू, आणि आमच्या हातात लेखी काहीच नव्हतं, नुसता फोनवरचा शब्द. म्हणून विचारतोय, नीट समजून घ्यायचंय. जाणकारांनी सांगा.

रुईबाजार_मुंबई

दादा, चांगला प्रश्न विचारलात, आणि सही करायच्या आधी विचारलात हे फार बरं केलं. मी वीसेक वर्षं या धंद्यात आहे, आधी कॉटन ग्रीनला, आता ऑफिस दुसरीकडे आहे. जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट, हे नियम कुठल्याच सरकारने केलेले नाहीत. संयुक्त राष्ट्र नाही, डब्ल्यूटीओ नाही. इंटरनॅशनल कॉटन असोसिएशन, आपण सगळे आयसीए म्हणतो, ही व्यापाऱ्यांची खाजगी संघटना आहे. १८४१ साली लिव्हरपूलच्या कापूस दलालांनी स्थापन केली, तेव्हा आपसातले सौदे कसे करायचे, नमुन्यापेक्षा माल हलका निघाला तर किती कापायचे, एवढंच ठरवायला. पुढे तीच लिव्हरपूल कॉटन असोसिएशन झाली, २००४ मध्ये नाव बदलून इंटरनॅशनल झालं. लँकेशायरच्या गिरण्या कधीच्या बंद पडल्या, लिव्हरपूलच्या गोदीत आता कापूस येत नाही म्हटलं तरी चालेल, पण नियमावली तिथेच राहिली. आज जगात देशादेशांत होणारे कापसाचे बहुतेक सौदे त्याच नियमांवर होतात. यात फक्त आपणच अडकलोय असंही नाही, ब्राझीलचा माल चीनला जातो तोही त्यावरच.

यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम तुम्ही पाठ करून ठेवा. आयसीएमध्ये करार 'रद्द' होत नाही. आपल्याकडे बाजार पडला की पार्टी म्हणते जाऊ द्या हो, सौदा कॅन्सल. तिथे तसं नाही. माल दिला नाही किंवा घेतला नाही तर त्या दिवसाच्या बाजारभावाने हिशोब करून फरक द्यावा लागतो, त्याला इन्व्हॉइसिंग बॅक म्हणतात. तुमच्या ५०० गाठी म्हणजे ८५ हजार किलो, म्हणजे १ लाख ८७ हजार पौंड वजनाच्या वर. पौंडामागे १० सेंटचा फरक पडला तर १८,७०० डॉलर झाले, डॉलर ८५ रुपये धरला तरी १६ लाखांच्या जवळ जातं. हे दोन्ही बाजूंना लागू आहे, बाजार चढला म्हणून तुम्ही माल दुसऱ्याला विकलात तर तुम्ही देणं लागता आणि बाजार पडला म्हणून गिरणीने पाठ फिरवली तर ती देणं लागते.

आणि निवाडा मानला नाही तर? पोलीस येत नाहीत. नाव यादीत जातं. ज्यांनी लवादाचा निवाडा पाळला नाही त्यांची यादी आयसीए काढते, आणि सभासदांनी अशा पार्टीशी व्यापार करायचा नाही असा नियम आहे. सगळे मोठे व्यापारी सभासद, त्यामुळे एकदा नाव लागलं की दारं बंद. २०१०-११ ला भाव पौंडाला २ डॉलरच्या वर गेला आणि मग धाडकन खाली आला, तेव्हा जगभर इतके सौदे मोडले की लवादाच्या केसेसचा ढीग लागला, त्यात आपल्याकडच्याही पार्ट्या होत्या, मी स्वतः दोन ठिकाणी कागदं गोळा करायला बसलोय.

अमरावतीकर

वरच्या पोस्टला थोडी जोड देतो कारण हा माझा आवडीचा विषय आहे आणि आपल्या वऱ्हाडात हे कुणी सांगत नाही.

'आपल्याला कुणी विचारलं होतं का' याचं उत्तर दीडशे वर्षांपासून नाही असंच आहे. लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानी कापसाच्या ज्या जाती बोलल्या जायच्या त्यात एक होती 'ऊमरा'. ऊमरा म्हणजे उमरावती, म्हणजे आपली अमरावती! हिंगणघाट, धोलेरा, भडोच ही नावंही तशीच. आपल्या गावाचं नाव तिकडच्या भावपत्रकावर, पण त्या नावाखाली कुठला माल बसतो, कुठला 'फेअर' आणि कुठला 'गुड' हे तिकडचे दलाल ठरवणार. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस थांबला, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि युद्ध संपल्याबरोबर सगळं कोसळलं. त्याच काळात, १८६३ मध्ये, मुंबई इलाख्यात कापसात भेसळ करणाऱ्यांविरुद्ध कायदा आला. तिकडच्या गिरण्यांची तक्रार होती की गाठीत सरकी, माती, पाणी निघतं. तक्रार खोटी नव्हती, पण कायदा कुणाच्या सोयीसाठी झाला ते बघा.

वऱ्हाड १८५३ ला निजामाकडून इंग्रजांनी कारभाराला घेतलं त्यात कापसाची काळी जमीन हे मोठं कारण होतं. १८७० ला खामगावला रेल्वेचा फाटा आला तो माणसांसाठी नव्हता, कापसासाठी होता. यवतमाळची आपली शकुंतला रेल्वेसुद्धा त्याचसाठी. समुद्राखालून तार आल्यावर तिकडचा भाव इकडे दिवसात कळायला लागला आणि तेव्हापासून आपला बाजार तिकडे बघून उघडतो. आधी तार होती, मग टेलिप्रिंटर आला, आता मोबाईल आहे. माझे आजोबा खामगावच्या बाजाराच्या गोष्टी सांगायचे, 'तारेत काय आलं' हा रोजचा पहिला प्रश्न असायचा म्हणे.

चोपड्याचा_जिनर

@रुईबाजार_मुंबई खूप आभार, इतकं उलगडून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. @अमरावतीकर ऊमराचं ऐकून अंगावर काटा आला खरंच.

पण मग न्यूयॉर्कचं काय? भाव लिव्हरपूलचा नाही, न्यूयॉर्कचा. आणि तो बायर्स कॉल म्हणजे नक्की काय, दलाल म्हणतो काळजी करू नका भाव वाढणारच आहे.

रुईबाजार_मुंबई

भाव वाढणारच आहे हे ज्याला माहीत आहे तो दलाली करत बसत नाही दादा. रागावू नका, पण या वाक्यावर सही करू नका.

न्यूयॉर्क म्हणजे आयसीई नावाच्या एक्स्चेंजवरचा कॉटन नंबर टू वायदा, म्हणजे पुढच्या ठरलेल्या महिन्यात द्यायच्या मालाचा आज ठरणारा भाव. एक कॉन्ट्रॅक्ट ५० हजार पौंडाचं. यात गंमतीची नाही, विचार करायची गोष्ट अशी की त्या वायद्यात डिलिव्हरी फक्त अमेरिकेत पिकलेल्या कापसाची होते आणि तीही अमेरिकेतल्याच ठरलेल्या गोदामांत, गॅल्व्हेस्टन, ह्यूस्टन, मेम्फिस वगैरे. ग्रेडसुद्धा अमेरिकी कृषिखात्याच्या नमुन्यांवर. म्हणजे टेक्सासला पाऊस पडला नाही की तुमच्या चोपड्यातला भाव हलतो. २०२३-२४ मध्ये ब्राझीलने निर्यातीत अमेरिकेला मागे टाकलं, सगळ्यात जास्त कापूस चीन वापरतो, पण जगाचा आकडा अजून अमेरिकेच्या कापसावरच बांधलेला आहे. का? कारण तिथे उलाढाल आहे, तुम्हाला दुपारी हजार गाठी विकायच्या असतील तर समोर घेणारा लगेच मिळतो. आपल्या एमसीएक्स या मुंबईच्या एक्स्चेंजवर कापसाचा वायदा आहे पण फार पातळ, मोठा माणूस शिरला की भाव हलतो, म्हणून मोठे शिरत नाहीत, म्हणून तो पातळच राहतो. आणि आपल्याकडे १९६६ पासून कापसाचे वायदे कित्येक दशकं बंदच होते. त्याआधी मुंबईचा बाजार जगातल्या मोठ्या बाजारांत धरला जायचा. ज्या काळात बाजार मुरायचा त्या काळात आपण कुलूप लावलं, हे माझं स्पष्ट मत आहे, कुणाला पटो न पटो.

आता बायर्स कॉल. ५०० पॉइंट म्हणजे ५ सेंट. तुमचा भाव = मार्च वायदा + ५ सेंट, पण तो वायदा कुठल्या दिवशीचा धरायचा हे गिरणी ठरवणार, मार्च वायद्यात माल देण्याच्या नोटिसा सुरू व्हायच्या आत, म्हणजे फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत. गिरणी भाव पडायची वाट बघणार, साहजिक आहे. तुम्ही शेतकऱ्याला कपाशीचे पैसे आजच्या भावाने देऊन मोकळे झालेले असणार. मधे वायदा ७२ वरून ६४ ला आला तर ते ८ सेंट तुमच्या खिशातून जाणार. मोठा व्यापारी त्याच दिवशी न्यूयॉर्कला वायदा विकून ठेवतो म्हणून त्याला फरक पडत नाही. तुम्हाला बँकेमार्फत, नियमांच्या चौकटीत, ते करता येतं पण ५०० गाठींसाठी मार्जिन, म्हणजे एक्स्चेंजकडची अनामत, भरत बसणं छोट्या जिनरला झेपत नाही.

म्हणून सांगतो, ठोक भाव मागा. सेंटमध्ये असला तरी चालेल पण आकडा आजच कागदावर. ते नाही म्हणाले तर निदान सेलर्स कॉल मागा, म्हणजे वायद्याचा दिवस तुम्ही ठरवणार. बाजारात या दोन शब्दांना फार किंमत आहे.

वकील_पुणे

मी व्यापारी करारांची कामं करते, कापसाची फार नाही पण तेलबिया आणि डाळींची पुष्कळ. तिथेही हेच आहे, फक्त संघटना वेगळी. धान्याला गाफ्टा, तेल-तेलबियांना फोस्फा, दोन्ही लंडनच्या. साखरेला वेगळी. म्हणजे एकेका मालाचा एकेक छापील फॉर्म आहे आणि बहुतेक फॉर्म इंग्लंडमधले. लोकांना वाटतं फॉर्म म्हणजे रिकाम्या जागा भरायच्या, पण सगळा जोर त्या छापील भागात असतो. मुदत किती दिवसांची, नोटीस कधी द्यायची, वजन कुठलं धरायचं, बंदी आली तर काय.

या बंदीवरूनच एक केस सांगते, तुमच्या २०१२ च्या अनुभवाशी जवळची आहे. नाफेड या आपल्या सहकारी पणन संस्थेने स्वित्झर्लंडच्या अलिमेंटा कंपनीला ५,००० टन शेंगदाणा विकायचा करार १९८० च्या सुमाराला केला होता. थोडा माल गेला, उरलेल्याला सरकारने परवानगी नाकारली. कंपनी फोस्फाच्या लवादाकडे गेली, १९८९ मध्ये निवाडा नाफेडच्या विरोधात. मग इथल्या कोर्टात लढाई, आणि सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२० मध्ये सांगितलं की सरकारची परवानगी नसताना निर्यात करणं आपल्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध झालं असतं, म्हणून हा परदेशी निवाडा भारतात वसूल होणार नाही. चाळीस वर्षं! यातून 'बघा, आपली कोर्टं वाचवतात' असं समजू नका. एक तर तेवढी वर्षं तुम्ही तग धरणार नाही. दुसरं, हा अपवाद आहे. १९५८ च्या न्यूयॉर्क करारावर भारताची सही आहे, त्यामुळे परदेशी लवादाचा निवाडा इथे सर्वसाधारणपणे वसूल होतोच, आणि गेल्या काही वर्षांत कोर्टं अशा निवाड्यात हात घालायला अधिकच नाखूष आहेत. आणि उलटंही बघा, उद्या ढाक्याच्या गिरणीने पैसे थकवले तर हाच लवादाचा कागद तुमच्या बाजूने उभा राहील, बांगलादेशही त्या करारात आहे. चोपड्याच्या दिवाणी कोर्टाचा निकाल घेऊन ढाक्यात काय करणार आहात?

त्यामुळे आयसीएला घाबरून नकार देऊ नका. त्यात एक कलम घालून घ्या: निर्यातीवर बंदी, परवाना किंवा कोटा आला तर मुदत किती वाढणार आणि त्यानंतर कोण कुणाला काय देणं लागणार, साध्या शब्दात, आकड्यात. हे घालायचा तुम्हाला हक्क आहे, छापील फॉर्मच्या वर हाताने लिहिलेलं कलम चालतं. आणि पैसे एलसीने, म्हणजे गिरणीच्या बँकेच्या हमीपत्राने, एलसी उघडल्याशिवाय एक गाठ ट्रकवर चढवायची नाही.

यवतमाळ_कोरडवाहू

सगळं वाचलं. जिनरचं दुःख कळलं, व्यापाऱ्याचं कळलं, वकील ताईंनीही छान सांगितलं. आता माझं ऐका. माझी सहा एकर कपाशी आहे, कोरडवाहू. तुमच्या या सगळ्या नियमांत, लिव्हरपूल असो नाहीतर न्यूयॉर्क, सभासद कोण कोण आहेत, व्यापारी, गिरण्या, दलाल, बँका. माझ्यासारखा कुठे आहे? माझ्याशी कुणी करार करत नाही. मी गाडी घेऊन गेटवर उभा राहतो आणि आत न्यूयॉर्क बघितलेला माणूस भाव सांगतो. बायर्स कॉल तुम्हाला यंदा भेटला, आम्ही जन्मापासून त्याच्यावरच विकतो.

आता हमीभाव म्हणाल. २०२५-२६ ला लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल. एक हिशोब केलाय, चुकला तर सांगा. एका खंडीला ३४ टक्के उताऱ्याने, म्हणजे शंभर किलो कपाशीत ३४ किलो रुई धरून, साधारण साडेदहा क्विंटल कपाशी लागते, म्हणजे ८५ हजार. त्यातून सरकीचे २३-२४ हजार वजा केले, किलोला ३५ रुपये धरून, तर रुई पडते साडेएकसष्ट हजाराला, जिनिंगचा खर्च सोडून. आणि न्यूयॉर्क ६५ सेंट असला, वर भाडं, विमा नि जातीचा फरक म्हणून १२ सेंट चढवले, तरी डॉलर ८५ रुपये धरून खंडी ५१ हजारांच्या आसपास बसते. मग हमीभावाने व्यापारी कशाला घेईल? तो बाहेरून आणेल. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने ११ टक्के आयात शुल्क काढलं, ३१ डिसेंबरपर्यंत, नेमकं आमचं पीक बाजारात यायच्या वेळेला. गिरण्यांना अमेरिकेच्या ५० टक्के टॅरिफचा मार बसला होता हे खरं आहे, कामगारांचे संसार त्यावर आहेत, मला मान्य आहे. पण भार कुणावर टाकला? सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. दिवाळीच्या पावसात भिजलेल्या कापसात ओलावा नसणार तर काय असणार.

राग तुमच्यावर नाही जिनर भाऊ. तुम्ही सही करताना मला काय भाव दिला तेवढं आठवा म्हणतो.

लबकचा_मराठी

मी टेक्सासमध्ये लबक भागात राहतो, नोकरी वेगळ्या क्षेत्रात आहे पण इथे चारी बाजूंना कापूसच आहे त्यामुळे विषय रोज कानावर येतो. यवतमाळच्या दादांनी जे लिहिलं ते वाचून राहवलं नाही.

इथला शेतकरी हजारो एकर करतो, पाऊस इथेही नाही, पीक इथेही जातं, फरक असा की पीक गेलं की विम्याचे पैसे येतात आणि विम्याच्या हप्त्याचा मोठा भाग सरकार भरतं. ब्राझीलने यावरच २००२ मध्ये डब्ल्यूटीओत केस टाकली, की तुमच्या सबसिडीमुळे जगाचा भाव पडतो. ब्राझील जिंकला, अपिलातही जिंकला. अमेरिकेने सबसिडी थांबवली का? ब्राझीलने सूड म्हणून शुल्क लावायची तयारी केली तेव्हा अमेरिकेने ब्राझीलच्याच कापूस उत्पादकांना वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि शेवटी २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या चार देशांनी २००३ पासून हीच मागणी लावून धरली आहे, त्यांचं तर पोट कापसावर आहे. त्यांना असा चेक कुणी दिला नाही, कारण त्यांच्या शुल्काची भीती कुणाला नाही.

अजून एक, आता गिऱ्हाईकाच्या देशाचा कायदाही नियम बनतोय. जून २०२२ पासून इथे चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या कापसाचा कपडा येऊ शकत नाही, सक्तीच्या मजुरीचा नाही हे आयात करणाऱ्यानेच सिद्ध करायचं. त्यामुळे ढाक्याची गिरणी तुमच्याकडे गाठ कुठल्या गावची, कुठल्या जिनिंगची हे विचारणार, आज नाही तर उद्या. गाठीवरचा नंबर आणि जिनिंगची नोंदवही नीट ठेवा.

चोपड्याचा_जिनर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वडिलांना हा सगळा धागा वाचून दाखवला. ऊमराचं त्यांना माहीत होतं! त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं.

दलालाला आज सकाळी कळवलं: बायर्स कॉल नको, ठोक भाव द्या, २०० गाठींपासून सुरुवात करू. बंदीचं कलम वकील ताईंनी सांगितलं तसं इंग्रजीत लिहून घेतोय, तालुक्यातल्या वकिलांना जमेना म्हणून जळगावला जातोय उद्या. आयसीएची ओळ ठेवली. गिरणीने अजून हो म्हटलेलं नाही, म्हणाले दोन दिवसांत सांगतो.

@यवतमाळ_कोरडवाहू दादा, तुमचा हिशोब मी आमच्या उताऱ्याने करून बघितला, आमच्याकडे ३४ नाही, यंदा पावसामुळे साडेतेहतीसच पडतोय, म्हणजे आकडा अजून वाईट येतो. तुमचं शेवटचं वाक्य वडिलांनी दोनदा वाचायला लावलं. आमच्या गेटवर अजून वायद्याचा आकडा कधीच लिहिलेला नाही, फक्त आमचा भाव असतो. उद्यापासून फळ्यावर दोन्ही लिहायचं ठरवलंय, न्यूयॉर्क किती, सरकी किती, उतारा किती आणि त्यातून आमचा भाव कसा निघाला. गाडीवाल्याने विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

रुईबाजार_मुंबई

फळ्यावर डॉलरचा भावही लिहा. आणि गिरणीने ठोक भाव दिला तर इथे आकडा टाकू नका, मला मेसेज करा, जातीचा फरक बरोबर धरलाय का बघतो. मायक्रोनेअरचा, म्हणजे धाग्याच्या जाडी-पक्वतेचा, रिपोर्ट हातात ठेवा, ३.५ च्या खाली आला तर ते कापायला बघतील.